‘घरातलं कुणी बोलतच नाही’ : यजमान कुटुंबातले पहिले दिवस

‘मुलगी दहा महिन्यांसाठी जर्मनीत शाळेच्या देवाणघेवाण कार्यक्रमात गेलीय. जाऊन आठवडाही झाला नाही आणि रोज रात्री फोनवर रडते. घरातली माणसं बोलत नाहीत, मी त्यांना नकोशी झालेय, पोटभर जेवायलाही मिळत नाही म्हणते. परत बोलावून घेऊ का?’

तिथलं शालेय वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतं, त्यामुळे पालकांकडून ही विचारणा त्याच सुमारास येते. या मुलीला मधुरा म्हणू. वय सोळा. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

पहिल्या व्हिडिओ कॉलवर तिला एकच काम सांगितलं : ‘बोलत नाहीत’ हे बाजूला ठेव, काय घडलं तेवढंच सांग. मग तीन गोष्टी पुढे आल्या. सकाळी जो तो आपापला नाश्ता करून निघून जातो. तिची आंघोळ झाली की यजमान आई एक शब्द न बोलता जाऊन बाथरूम पुसते. आणि जेवताना ‘अजून हवं का?’ असं एकदाच विचारतात, ही ‘नको’ म्हणाली की भांडं सरळ उचलून ठेवतात.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे भिडेचं असतं आणि समोरचा आग्रह करणार हे गृहीत असतं. तिथे ‘नको’ म्हणजे नको. पुन्हा विचारणं म्हणजे पाहुण्यावर जबरदस्ती. मुलगी पाच रात्री अर्धपोटी झोपली ती या भिडेपायी. त्यात संध्याकाळचं जेवण बऱ्याच घरांत थंड असतं : ब्रेड, चीज, काकडी-टोमॅटो. गरम जेवण दुपारी होऊन गेलेलं असतं. हे ठाऊक नसेल तर आपल्यासाठी कुणी स्वयंपाकच केला नाही असं वाटणारच.

बाथरूमचं प्रकरण जरा वेगळं. तिथल्या बहुतेक बाथरूममध्ये जमिनीला पाणी जायला मोरीसारखी वाटच नसते. पाणी शॉवरच्या चौकटीतच राहिलं पाहिजे. बाहेर सांडलेलं पाणी फरशीच्या सांध्यांतून खाली मुरतं, खालच्या घराच्या छताला ओल येते आणि भरपाईची पाळी वर राहणाऱ्यावर येऊ शकते. म्हणून आंघोळ झाली की काचेवरचं पाणी रबरी वायपरने ओढायचं, जमीन कोरडी करायची आणि खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, नाहीतर भिंतीला बुरशी धरते. मधुरा दार-खिडकी घट्ट बंद करून वीस मिनिटं गरम पाणी घेत होती. यजमान आई न बोलता पुसत होती, कारण दमून आलेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात टोकायचं तिच्या जिवावर आलं असावं. तो अंदाज पुढे खरा ठरला.

हीटरचंही तसंच. त्याच्या चकतीवर १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे साधारण २० अंश, पुढे-मागे प्रत्येक आकड्याला सुमारे चार अंशांचा फरक. ५ वर ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, फक्त तापत राहते. आणि हीटर चालू ठेवून खिडकी अर्धवट उघडी टाकली तर बिल वाढतं. यावरून घरात धुसफूस सुरू होते, पण ती नोव्हेंबरात. ऑगस्टमध्ये त्याचा पत्ताही नसतो.

यावर ‘मोकळेपणाने बोल’ असा सल्ला द्यायचा मोह होतो. तो निरुपयोगी आहे. सोळा वर्षांच्या मुलीला परक्या भाषेत मोकळेपणाने बोलता येत नाही. ठरलेला प्रश्न मात्र विचारता येतो. मधुराने वहीत प्रश्न लिहिले, त्यांचं जर्मन रूप शाळेतल्या मैत्रिणीकडून तपासून घेतलं आणि रविवारी न्याहारीनंतर वही घेऊनच बसली. रविवार मुद्दाम : दुकानं बंद, सगळे घरी, कुणाला घाई नाही.

प्रश्न असे होते. आंघोळ किती वाजता, किती मिनिटं? फ्रिजमधलं न विचारता काय घेतलं तर चालेल? खोलीचं दार बंद ठेवलं तर तुम्हाला वाईट वाटतं का? कपडे कुठल्या दिवशी, कुठे टाकायचे? कचरा कशात काय? रात्री बरं वाटेनासं झालं तर कुणाला उठवू? आणि शेवटचा : माझ्या हातून काही चुकतंय का, ज्याबद्दल तुम्ही बोलला नाहीत?

शेवटच्या प्रश्नावर बाथरूम निघालं. त्यासोबत आणखी एक गोष्ट, जी कुणाच्याच ध्यानात नव्हती. मधुरा शाळेतून आली की थेट खोलीत जाई आणि दार लावून घेई. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘हिला एकटं राहायचंय’ असा लावला आणि तिला त्रास नको म्हणून तेही गप्प राहिले.

ती खोलीत जायची तेही साहजिक होतं. दिवसभर परकी भाषा ऐकून चार वाजता डोकं जड होतंच. म्हणून तोडगा एवढाच : अर्धा तास खोलीत पडायचं, मग अभ्यास स्वयंपाकघरातल्या टेबलावर करायचा. बोलायलाच हवं असं नाही. भाजी चिरणाऱ्या माणसाजवळ बसलं की बोलणं आपसूक निघतं.

आता आईचा भाग. उन्हाळी वेळेत भारत जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतो. मुलीचे रात्रीचे नऊ म्हणजे इथले साडेबारा. दिवसभराचा शीण मुलगी त्या वेळी ओतते, हलकी होते आणि झोपी जाते. आई मात्र पहाटेपर्यंत छताकडे बघत बसते. रोजचा फोन आठवड्यातून दोनदा, मुलीच्या दुपारी, अर्ध्या तासाचा केला. मधल्या दिवशी एखादा फोटो किंवा दोन ओळी. पहिले काही दिवस आईलाच ते जड गेलं, मुलीला नाही.

रडणं तिसऱ्या आठवड्यात बरंच कमी झालं. थंड जेवण तिला अजून आवडत नाही, आणि धाकट्या यजमान भावाशी जमलेलंही नाही. तेवढं राहणारच.

मात्र काही गोष्टींत वाट पाहायची नाही. नकोसा स्पर्श किंवा तशी भाषा, घरात मारहाण किंवा दारूचा गोंधळ, जेवण कुलपात, पासपोर्ट काढून घेणं, घरी फोन करायला मनाई, लहान मुलांना रोजच तिच्या गळ्यात टाकणं : यातलं काही असेल तर त्याच दिवशी कार्यक्रमाच्या स्थानिक समन्वयकाला कळवायचं आणि घर बदलून मागायचं. तातडीचा धोका असेल तर ११२. समन्वयकाचा नंबर मोबाइलसोबत कागदावरही हवा. पालकांनी यजमान कुटुंबाला आभाराचा निरोप जरूर पाठवावा. तक्रार मात्र थेट त्यांच्याकडे नव्हे, समन्वयकामार्फत.