बीड, ॲल्युमिनियम आणि दमट हवा: जुन्या इंजिनाच्या कोटिंगविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न (अलिबाग): जुनी प्रीमियर पद्मिनी घरीच नवी करतो आहे. ब्लॉक रॉकेलने धुतला, तारेच्या ब्रशने घासला आणि ऑइल पेंटचे दोन हात दिले. एका पावसाळ्यात पोपडे निघाले, खाली गंज. कोणता रंग वापरायला हवा होता?

उत्तर: रंगही चुकला, पण पोपड्यांचं मूळ बहुधा रॉकेलमध्ये आहे. रॉकेल ग्रीस सोडवतं आणि वाळताना स्वतःचा तेलकट थर मागे ठेवतं. त्यात हा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बिडाच्या खरबरीत अंगात वर्षानुवर्षांचं ऑइल मुरलेलं असतं. हाताला कोरडा लागणारा ब्लॉक जरा तापवला की पुन्हा तेल सोडतो. म्हणून रॉकेलनंतर डीग्रीझर आणि गरम पाणी, मग हॉट एअर गनने ऊब, शेवटी थिनर लावलेलं पांढरं फडकं, तेही फडकं पांढरं राहीपर्यंत. पाण्याचा शिंतोडा मारून बघा. पाणी सपाट पसरलं तर भाग स्वच्छ आहे. थेंब गोळा होऊन बसले तर तेल अजून आहे, पुन्हा धुवा.

पुढची अडचण तुमच्या हवेची. समुद्राकाठी धुतलेलं बीड बघता बघता तांबूस होतं. धुतल्याबरोबर हवा मारून वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर लावा, उद्यावर टाकू नका. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडूच नका. धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी जास्त हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारं पाणी रंगाखाली कोंडलं जातं. कोकणात हे काम मी डिसेंबर-जानेवारीत करतो, तेही ऊन चढल्यावर.

खोल खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर चालतं. सुटणारा गंज मात्र आधी खरवडूनच काढावा लागतो, त्याला कन्व्हर्टर धरून ठेवत नाही. त्यावर झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्रायमर आणि इंजिन इनॅमलचे दोन-तीन पातळ हात. ब्लॉकचं बाहेरचं अंग साधारण १०० अंशांच्या आसपास राहतं, त्यामुळे ६०० अंशांचा महागडा रंग इथे लागत नाही. रंग पेट्रोल आणि ऑइलला टिकणारा हवा, आणि ऑइल पेंट नेमका तिथेच कमी पडतो.

प्रश्न (पुणे): जीपच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला ६०० अंशांचा चंदेरी रंग लावला, खाली रेड ऑक्साइडही दिला. आठवड्यात सगळा उडाला. माल नकली होता का?

उत्तर: नकली माल बाजारात असतो, पण इथे रेड ऑक्साइडनेच घात केला. साधा प्रायमर मॅनिफोल्डच्या उष्णतेत जळतो आणि वरचा रंग घेऊन पडतो. सिलिकोनचा उष्णतारोधक रंग उघड्या, खरबरीत धातूवर थेट बसतो. कन्व्हर्टरसुद्धा खाली नको. गंज ब्लास्टिंगनेच, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कणांचा मारा करून काढा. हात पातळ द्या, कारण जाड थर फुगतो. हा रंग नुसता हवेत वाळून पक्का होत नाही, त्याला भट्टी लागते. गाडीवरच करायचं तर इंजिन थोडा वेळ चालवून पूर्ण थंड होऊ द्या, मग जास्त वेळ, मग त्याहून जास्त. डब्यावरचा क्रम पाळा. पहिल्याच दिवशी घाट चढायला नेऊ नका. बजेट असेल तर मॅनिफोल्डला सिरॅमिक कोटिंग करून घ्या. मी पैसे वाचवायचे झाले तर दुसरीकडे वाचवेन.

प्रश्न (कोल्हापूर): हेड, टॅपेट कव्हर, ऑइल चेंबर सगळंच एकदम पावडर कोटिंगला द्यायचा विचार आहे. काही धोका?

उत्तर: टॅपेट कव्हर आणि चेंबर जरूर द्या, हेड नको. पावडर १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पिकते आणि थर ६० ते १०० मायक्रॉनचा बसतो. एवढा थर गॅस्केटच्या जागी गेला की ऑइल झिरपणार. म्हणून गॅस्केटचे सगळे काठ, आटे आणि अर्थिंगची जागा उष्णता सोसणाऱ्या टेपने झाका, आणि हे झाकण्याचं काम स्वतः करा, कोटिंगवाल्यावर सोडू नका. ओतीव ॲल्युमिनियमच्या छिद्रांत अडकलेली हवा आणि तेल भट्टीत बाहेर येऊन कोटिंगला बारीक भोकं पाडतात. त्यासाठी पावडर मारण्याआधी भाग एकदा रिकामाच तापवून घ्यायला सांगा.

धुण्याबद्दल एक कळकळीची सूचना. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. वर्कशॉपमध्ये बिडाचे ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत टाकतात. ॲल्युमिनियम त्यात विरघळतं. माझं एक चांगलं हेड अशाच एका टाकीत गेलं. बाहेर आलं तेव्हा गॅस्केटची बाजू चाळणीसारखी झाली होती, आणि तसं दुसरं मिळवायला मला चोर बाजारात अनेक रविवार घालवावे लागले. भाग देताना त्याच्यावर चिठ्ठी बांधा आणि तोंडानेही सांगा.

प्रश्न (नाशिक): सगळे बोल्ट झिंक प्लेटिंग करून घेऊ का?

उत्तर: ब्रॅकेट आणि कव्हरचे खुशाल करा. हेड बोल्ट आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट कधीही नको. ॲसिडच्या धुण्यात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो. कठीण पोलाद त्याने ठिसूळ होतं आणि बोल्ट कसल्यानंतर काही तासांनी, कधी काही दिवसांनी, तुटतो. बोल्टच्या डोक्यावर १०.९ किंवा १२.९ (जास्त ताकदीच्या पोलादाची खूण) कोरलेलं असेल तर प्लेटिंगनंतर लगेच २०० अंशांच्या आसपास काही तास भाजावं लागतं. ते आपल्यासमोर होणार नसेल तर बोल्ट काळाच राहू द्या, ऑइलचा हात पुरे. शिवाय प्लेटिंगने आट्यांचं घर्षण बदलतं, म्हणजे पुस्तकातला टॉर्क, म्हणजे बोल्ट कसायचा जोर, तसाच लागू पडत नाही.

प्रश्न (मडगाव): जुने मेकॅनिक ब्लॉकच्या आतून लाल इन्सुलेटिंग वार्निश लावतात. लावू का? आणि पार्ट येईपर्यंत तासलेले भाग कसे सांभाळू?

उत्तर: आतून काही लावू नका. वार्निश बसलं तर बसलं, पण एक पापुद्रा सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसला की बेअरिंग गेलं. साठ वर्षांच्या बिडातलं तेल पूर्ण निघालंय याची खात्री मला तरी देता येत नाही. आत इंजिन ऑइलचा थरच पुरे.

सिलिंडरच्या भिंती आणि क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागांवर) रंग अर्थातच नाही. ऑइल चोळा, भाग व्हीसीआय कागदात (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या कागदात) गुंडाळा, वर प्लास्टिक घालून तोंड बांधा. उघड्या हाताने धरू नका; घामातलं मीठ पुरतं, दोन दिवसांत बोटांचे ठसे गंजून उठतात. गोव्याच्या पावसात दर पंधरवड्याला उघडून बघा आणि ऑइल पुन्हा लावा.