प्युनिक युद्धं आणि भगवं डाळिंब

प्रश्न असा आहे: रोम आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं प्राचीन शहर कार्थेज यांच्यातल्या युद्धांना 'प्युनिक' का म्हणतात? इंग्रजी 'प्युनिटिव्ह'सारखं, म्हणजे रोमने कार्थेजला अद्दल घडवली म्हणून का?

नाही, नाही आणि नाही! ही 'अद्दल घडवणारी युद्धं' हल्ली फार ऐकू येतात आणि दर वेळी कान किटतात. पहिलं युद्ध (इ.स.पू. २६४ ते २४१) सिसिलीवरून जुंपलं, तेव्हा कोण कोणाला अद्दल घडवणार हे कोणाला ठाऊक होतं? दुसऱ्या युद्धात, इ.स.पू. २१६मध्ये, कॅनीच्या रणात कार्थेजचा सेनापती हॅनिबलने रोमची अख्खी फौज कापून काढली. ती शिक्षा कोणाची म्हणायची?

घोळ होतो तो ध्वनींमुळे. लॅटिनमध्ये 'पोएना' म्हणजे शिक्षा आणि 'पोएनुस' म्हणजे कार्थेजचा माणूस. जुन्या लॅटिनमधला 'ओए' काही शब्दांत पुढे 'ऊ' झाला. एकीकडे 'पूनीरे' (शिक्षा करणे) तयार झालं, दुसरीकडे 'पूनिकुस'. चेहरे सारखे, पण घराणी वेगळी.

'पोएनुस' हे ग्रीक 'फोइनिक्स'चं, म्हणजे फिनिशियनचं (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे प्राचीन दर्यावर्दी), लॅटिन रूप. कार्थेज ही त्यांच्या टायर या शहराची वसाहत, म्हणून. आता हा 'फ' नीट म्हणा. दात ओठाला न टेकवता, फणसातला अस्सल मराठी फ. प्राचीन ग्रीकांचा उच्चार तोच होता. लॅटिनकडे तो महाप्राण नव्हता, त्यामुळे फ चा प झाला. 'फळ' म्हणताना खालचा ओठ चावणाऱ्या शहरी मंडळींना हे पटवणं अवघड आहे, पण असो.

खरी मजा पुढेच आहे. 'फोइनिक्स' म्हणजे गडद लाल, जांभळट रंगसुद्धा. टायरचे लोक समुद्री गोगलगायींपासून असा रंग काढत आणि तो सोन्याच्या मोलाने विकत. काही विद्वान फिनिशियन हे नाव इजिप्तच्या 'फेन्खू' या शब्दाशी जोडतात. जोडोत बापडे! ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या नोसॉसच्या मातीच्या पाट्यांवर रथांच्या याद्या आहेत. त्यांत 'फोइनिक्स'च्याच कुळातला 'पो-नि-कि-या' हा शब्द लाल रंगवलेल्या रथांसाठी येतो. या पाट्या होमरच्याही कित्येक शतकं आधीच्या. इतका जुना रंगवाचक शब्द समोर असताना इजिप्तला वळसा कशाला? माझ्या मते आधी रंग, मग रंगवाले. आपल्याकडे 'रंगारी' आडनाव पडतं, तसंच.

लॅटिनमध्येही 'पूनिकेउस' म्हणजे लालभडक. रोमन लोक डाळिंबाला 'मालुम पूनिकुम', म्हणजे कार्थेजी सफरचंद, म्हणत. म्हणूनच वनस्पतिशास्त्रात डाळिंब आजही 'प्युनिका ग्रॅनाटम' आहे. सोलापूर-सांगोल्याच्या बागायतदाराने 'भगवा' जातीचं डाळिंब लावलं, की एका झाडावर रंगाची दोन नावं जमा होतात: एक आपलं, एक थेट टायरच्या रंगाऱ्यांकडून आलेलं.

आणि ही सगळी नावं परक्यांनी ठेवलेली, बरं का. कार्थेज पडलं इ.स.पू. १४६मध्ये. त्यानंतर पाच शतकांहून अधिक काळ लोटल्यावर उत्तर आफ्रिकेत राहणारा संत ऑगस्टीन लिहितो, की इथल्या शेतकऱ्यांना 'तुम्ही कोण?' असं विचारलं, तर ते आपल्या प्युनिक भाषेत सांगतात, 'कनानी', म्हणजे फिनिशियनांच्या मूळ मुलखाचे, कनानचे.

कार्थेजचं मूळ नाव होतं 'कर्त-हदश्त', नवं शहर. हॅनिबलच्या मेहुण्याने स्पेनमध्ये आणखी एक वसवलं आणि त्यालाही नाव दिलं कर्त-हदश्त. इ.स.पू. २०९मध्ये ते रोमन सेनापती स्किपिओने जिंकलं. दोन कार्थेजांत गोंधळ नको म्हणून रोमन त्याला 'कार्थागो नोवा' म्हणत, म्हणजे नवं नवं शहर. त्याचंच पुढे कार्ताहेना झालं. स्पॅनिश लोकांनी १५३३मध्ये कोलंबियाच्या किनाऱ्यावर तेच नाव नेऊन ठेवलं. तिथे पोचलेल्यांपैकी कोणाला आपण फिनिशियन बोलतोय याची कल्पना असेल, असं वाटत नाही.