वानखडे आडनावाचं मूळ गाव कोणतं आणि आपली वंशावळ कशी शोधायची?

नमस्कार. तुम्ही विचारलंय की आडनाव वानखडे, गाव आर्वी तालुक्यात, आजोबा सांगायचे की आपले लोक वऱ्हाडातून वर्धा नदी ओलांडून आले, पण पणजोबांच्या मागचं एकही नाव घरात कोणाला माहीत नाही, तर या आडनावाचा इतिहास कुठे मिळेल. मी पण वानखडेच, दर्यापूर तालुक्यातला, खारपाणपट्ट्यातला, आणि गेली सहा वर्षं शेती सांभाळून हेच करतोय, म्हणून जरा लांबच लिहितो.

सगळ्यात आधी सांगतो, आडनाव शोधू नका, गाव शोधा. मी पहिली दोन वर्षं आडनावच शोधत होतो, जिथे कुठे वानखडे दिसले तिथे फोन लावायचा, लग्नात कोणी भेटले की बाजूला घेऊन विचारायचं, व्हॉट्सअपवर ते कुळींचे तक्ते फिरतात ना, आपण अमुक राजाचे वंशज वगैरे, ते पण सेव्ह करून ठेवले होते. त्यातून एक नाव पुढे सरकलं नाही. ते तक्ते तर आता मी उघडतच नाही, त्यात तुमच्या पणजोबाचं नाव कधीच नसतं आणि ज्यात आपलं माणूस नाही ती आपली वंशावळ कशी होईल.

आडनाव असं बघा. बुलडाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात वानखेड नावाचं गाव आहे, तो सगळा भाग वान नदीचा. रामटेकचे रामटेके, नागपूरचे नागपुरे, तसंच वानखेडचे वानखेडे, वानखडे असावेत असं मला वाटतं. पण विचार करा, वानखेडमध्ये राहणाऱ्याला वानखेडमध्येच कोणी वानखेडे कशाला म्हणेल? गाव सोडून दुसरीकडे गेलं की तिथले लोक म्हणतात हे वानखेडचे. म्हणजे हे नाव गाव सोडल्याची खूण आहे, आणि गाव तर सगळ्याच समाजाच्या लोकांनी सोडलं. आमच्याच गावात तीन वेगवेगळ्या समाजात वानखडे आहेत, एकमेकांशी रक्ताचं नातं काहीच नाही. त्यामुळे आडनाव सेम म्हणजे भावकी असं धरून चालू नका, आणि वानखडे, वानखेडे असा स्पेलिंगचा फरक दिसला म्हणून ते आपले नाहीत असंही धरू नका, लिहिणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलंय.

आणि खरी अडचण पुढेच आहे. जुन्या नोंदीत आडनाव नसतंच बहुतेक. हे मला तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कळलं. आपल्याकडे गावचा कोतवाल जन्म-मृत्यू सांगायचा त्याचं रजिस्टर असायचं, कोतवाल बुक, त्याची नक्कल अर्ज करून मिळते. मी अर्जात वानखडे लिहून दिलं होतं, तीनदा उत्तर आलं की अशी नोंद आढळून येत नाही. चौथ्यांदा मी म्हटलं मला फक्त बसून पाहू द्या, तिथले एक बाबू चांगले होते, त्यांनी परवानगी काढून दिली. पानं अशी की जोरात श्वास सोडला तरी कोपरा तुटेल. त्यात 1901 च्या पानावर आमच्या गावासमोर लिहिलेलं, मुलगा, बापाचं नाव तुळशीराम वल्द सखाराम, कुणबी. बस एवढंच. मुलाचं नाव नाही, कारण नोंद केली तेव्हा बारसंच झालेलं नसायचं, आणि आडनावाच्या जागी जात. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, बायकांसाठी जौजे म्हणजे अमक्याची बायको आणि बेवा म्हणजे विधवा. तर शोधायचं ते असं, गाव, मग बापाचं नाव, मग वल्द. तुमची जात मी विचारत नाही, पण नोंदीत ती त्या काळच्या शब्दात लिहिलेली असणार हे लक्षात ठेवा, म्हणजे ज्यांच्या घरी 1956 ला दीक्षा घेतली त्यांच्या आधीच्या नोंदीत बौद्ध शोधून सापडणार नाही.

1901 च पान मी का काढलं ते सांगतो कारण हे तुम्हाला कामात येईल. आमच्या आजीला साल सांगता यायचं नाही, पण ती एक गोष्ट नेहमी सांगायची, "महाराज समादीले गेले तवा तुहा पणजा वावरात पाखरं हाकलाले जाये." महाराज म्हणजे शेगावचे गजानन महाराज, समाधी 1910 ची. पाखरं हाकलायला जाणारं पोर आठ-दहा वर्षाचं असतं, म्हणजे जन्म 1900 ते 1902. मी तीनच वर्षांची पानं मागितली. म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका हो, ते घाबरतात आणि काहीतरी सांगून टाकतात, त्यांना विचारा महाराज होते का तेव्हा, मानमोडीच्या आधी की नंतर, गांधी सेवाग्रामला आले तेव्हा लग्न झालं होतं का. मानमोडी म्हणजे 1918 ची ती तापाची साथ, सेवाग्राम 1936. तुमच्या वर्धेकडे तर सेवाग्रामचा हिशोब सगळ्या म्हाताऱ्यांना लागतो.

मानमोडीचं पान पण मी पाहिलं. ऑक्टोबर 1918. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप, आणि मधे मधे फक्त वरीलप्रमाणे. त्यात तुळशीराम वल्द सखाराम, आणि चार दिवसांनी त्याची बायको, तिचं नाव नाही, जौजे तुळशीराम एवढंच. म्हणजे माझा पणजा सतरा वर्षाचा असताना आई-बाप एका आठवड्यात गेले आणि आम्हाला घरात हे कोणी कधी सांगितलं नव्हतं, बहुतेक त्याने स्वतःच कधी सांगितलं नसेल. मी तिथे बराच वेळ नुसता बसून होतो.

आता तुमच्या केसमध्ये महत्त्वाची गोष्ट म्हणजे नदी. आज आपल्याला पूल ओलांडला की आर्वी एवढंच वाटतं, पण तेव्हा नदीच्या अल्याड वऱ्हाड आणि पल्याड नागपूरकरांचं राज्य होतं. वऱ्हाड निजामाचं, ते 1853 ला इंग्रजांच्या ताब्यात आलं, त्याच वर्षी तिकडे तिसरे रघुजी भोसले वारले आणि 1854 ला नागपूरचं राज्यही खालसा झालं, आणि दोन्ही एका प्रांतात आले ते थेट 1903 ला. म्हणून कागदपत्रांची पद्धतच वेगळी. वऱ्हाडात रयतवारी, शेतकऱ्याच्या नावाने सर्व्हे नंबर, त्यामुळे फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी, धरून मागे मागे जाता येतं. तुमच्याकडे मालगुजारी, गाव मालगुजाराच्या नावाने आणि आपले लोक त्याचे कास्तकार, तर तिथे बंदोबस्ताच्या मिसलीत, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवला त्या जुन्या फाइलीत, आणि 1954-55 च्या अधिकार अभिलेखात, म्हणजे जमीन कोणाच्या हक्काची त्या नोंदीत, नाव शोधावं लागतं. मालगुजारी 1951 ला गेली पण काही जुन्या मालगुजारांच्या वाड्यात अजून बस्ते, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पडलेले असतात, ओळख काढून नक्की विचारा. नदीच्या या बाजूचे बरेच जुने कागद, अमरावती आणि अकोला दोन्ही जिल्ह्यांचे, सरकारच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवर स्कॅन करून टाकलेत. शिवाय 2023 ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली त्यानंतर बऱ्याच जिल्ह्यांच्या वेबसाइटवर कोतवाल बुकं आणि शाळेची रजिस्टरं चढली, तुम्ही कोणत्याही समाजाचे असा, त्या पानावर गावातली इतर नावं पण दिसतात. मोडीत असेल तर घाबरू नका, फोटो काढून मोडी वाचणाऱ्याला दाखवा, फक्त हे माहीत असू द्या की मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं लिहीत नाहीत.

फेरफारमध्ये फौतीचा फेरफार सगळ्यात आधी काढा. माणूस वारल्यावर वारस चढवतात तो, त्यात सगळी मुलं, बायको, कधी मुलीसुद्धा नावानिशी मिळतात. एका फौतीच्या फेरफारात मला जे मिळालं ते दोन वर्षांच्या फोनमध्ये नव्हतं मिळालं. आणि ऑफिसात जायच्या आधी घरात, काका-आत्याकडे विचारा की कोणाची कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी, झालीय का. झाली असेल तर फाइल मागा. त्यात वंशावळीचं शपथपत्र असतंच असतं, आणि ओबीसीला 1967 च्या आधीचे कागद लागतात म्हणून शाळेचा दाखल-खारिजचा उतारा वगैरे कोणीतरी आधीच जमवून ठेवलेलं असतं. आमच्या चुलत्याच्या पोराची फाइल दहा वर्षं कपाटावर होती, आणि मी जगभर फिरत होतो.

भावकी कोणती हे कागद सांगत नाहीत, ते सुतक सांगतं. आजीला नाहीतर मोठ्या काकूला विचारा की आपल्याला कोणाकोणाचं सुतक लागतं, कोणत्या गावाहून निरोप आला की आपण दहा दिवस पाळतो. हे बायकांच्या पक्कं लक्षात असतं. तसंच महालक्ष्म्या कोणाच्या घरी मोठ्या, आपण बसवतो की थोरल्या घरी जातो, कुळदैवत कोणतं, अक्षय तृतीयेला पितरांना घास टाकताना म्हातारी माणसं कोणाची नावं घेतात, ते तर मोबाइलवर रेकॉर्डच करून ठेवा. माझ्या आजीचं ते मी केलं नाही, त्याची हळहळ आजही आहे.

आणि भांडी. याच्यावर कोणी लिहीत नाही. आमच्याकडे माळ्यावर एक पितळी गुंड होता, काळा पडलेला, चिंच लावून घासला तर गळ्याजवळ टिंबं टिंबं कोरलेली अक्षरं निघाली, एका बाईचं नाव आणि गाव, अंजनगाव. तिचं आंदण होतं ते. ज्या बाईचं कोतवाल बुकात नाव नाही, जौजे म्हणून गेली, तिचं नाव गुंडावर होतं, सरस्वती. वंशावळीत आपण नुसते बाप-बाप लिहीत जातो, पण तिच्या माहेरचं गाव कळल्यावरच मला तिकडची सोयरीक सापडली आणि त्यांच्याकडून आमच्या घराच्या दोन गोष्टी कळल्या ज्या आमच्याच घरात विसरल्या होत्या. तुमचे गंज, परात, कोपर सगळे उलटे करून बघा.

एक सावध करतो. गावात जाऊन अचानक वंशावळ विचारू नका. मी एका गावी गेलो होतो, नुसतं म्हटलं की तुमचे आजे आणि आमचे पणजे एक होते का, तर ओसरीवरचे सगळे गप्प, आणि मग एक म्हातारे म्हणाले, "कोन्त्या वावराचं इचारता भाऊ?" त्यांना वाटलं मी हिस्सा मागायला आलो. त्यांचं चूक नाही, वंशावळ घेऊन येणारा माणूस बहुतेक कोर्टाच्या कामानेच येतो. तेव्हापासून मी आधी ओळखीच्या माणसाकडून निरोप देतो, जाताना आमच्या घरचा कागद घेऊन जातो आणि आधी आपला दाखवतो, आणि हे काम जमिनीचं नाही असं तोंडाने स्पष्ट सांगतो. चहा झाल्यावर लोक स्वतःच ट्रंका उघडतात.

तुम्ही पुन्हा कुठे प्रश्न टाकाल तर नुसतं वानखडे आर्वी असं टाकू नका. सगळ्यात जुनं माहीत असलेलं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, तहसील, अंदाजे कोणत्या सालाच्या आसपास, कुळदैवत, भावांची नावं, नदीच्या अल्याडचं कुठलं गाव कोणाच्या तोंडात आहे का, एवढं लिहा. जिवंत माणसांच्या जन्मतारखा, गट नंबर, आधार असलं काही टाकू नका.

आणि आता माझा प्रश्न, खरं म्हणजे तुमचा प्रश्न वाचून मी रात्री झोपलो नाही तो यामुळेच. तुळशीरामला एक लहान भाऊ होता, विठोबा वल्द सखाराम. आमच्याकडे 1921 चं खरेदीखत आहे, त्यात त्याने आपला हिस्सा पुतण्याला म्हणजे माझ्या पणज्याला लिहून दिलाय आणि पुढे लिहिलंय, हल्ली मुक्काम मौजे, आणि तिथे वाळवीने खाल्लंय, त्याच्यापुढे तहसील आर्वी जिल्हा वर्धा हे साफ वाचता येतं. घरात एवढंच सांगतात की मानमोडीनंतर तो बायकोला घेऊन कौंडण्यपूरच्या यात्रेला गेला आणि तिकडूनच नदी ओलांडून गेला, परत आला तो फक्त सही करायला. तुमच्या आजोबांच्या आजोबांचं नाव काय होतं, तुमच्या भावकीत कोणी म्हातारी आजी असेल तर तिला विचारा ना, आणि तुमच्याकडे दर्यापूर नाहीतर अंजनगाव हे नाव कधी कोणाच्या बोलण्यात आलं होतं का तेही विचारा. खरेदीखताचा फोटो मी पाठवतो, अंगठ्याच्या निशाणीजवळ त्याचं नाव आहे.