वाड्यातली प्लिमथ: घ्यावी की सोडावी?

प्रश्न : जवळच्या गावातल्या मालगुजारी वाड्यात १९५१ ची चार दारांची प्लिमथ क्रॅनब्रुक मोटार विकायला आहे. कित्येक वर्षं कापसाच्या गोदामात उभी, इंजिन जाम. मूळ मालक वारले, नातू विकतो आहे. मिस्त्री म्हणतो, इंजिनच जाम तर घेऊ नका. काय पाहावं?
– एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : इंजिन बनतं, कागद बनत नाहीत. म्हणून आधी आरसी बुक मागा. ते आजोबांच्या नावावर असेल तर फॉर्म ३१ ने वारसाचं नाव लागू द्या, बाकी वारसांची संमती लेखी घ्या, मगच मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरा. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, तेव्हा बुकावर तिकडचा शिक्का दिसला तर बिचकू नका. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो, त्यामुळे फाटकं बुकही मोलाचं. मात्र ही गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते.

या नोंदणीला चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं लागतं. पेट्रोल परवडेना म्हणून पूर्वी अनेकांनी अशा गाड्यांत डिझेल इंजिन बसवून घेतलं. बॉनेट उघडा. इंजिनाच्या सपाट हेडवर (सिलिंडरांवरच्या झाकणावर) सहा स्पार्क प्लग एका रांगेत उभे दिसले पाहिजेत. ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पुढे, हेडच्या लगेच खाली सपाट जागा असते. तिथला नंबर ‘पी २३’ ने सुरू व्हायला हवा.

आता जाम इंजिन. सहाही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं-निम्मं, ३०-४० मिली सोडा. चार-पाच दिवस मुरू द्या. मग पुढच्या पुलीच्या नटाला पान्हा लावून थोडं पुढे, थोडं मागे हलवा. ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये ओढू देऊ नका; अडकलेली पिस्टन रिंग तुटून बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) चरे पडतात.

इंजिन फिरलं तरी लगेच चालवू नका. वॉटर पंपामागे ब्लॉकच्या पोटात लांब पत्र्याची नळी असते, ती प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी पाणी पोचवते. ती गंजून कुजली की मागच्या सिलिंडरांना पाणी मिळत नाही आणि तिकडचे व्हॉल्व्ह जळतात. पुढे तापमानाचा काटा मात्र ठीक दाखवतो! वर्ध्याच्या मे महिन्यात ही चूक महागात पडेल. रेडिएटर आणि पंप उतरवून नळी ओढा. बहुधा तुकड्यांनी येईल. नवी टाका.

चाकं काढताना डाव्या बाजूचे बोल्ट उलट्या आट्याचे आहेत, हे मिस्त्रीला आधीच सांगा, नाहीतर बोल्ट तुटतील. मागचे ड्रम टेपर (निमुळत्या) अ‍ॅक्सलवर घट्ट बसतात, पुलरशिवाय निघत नाहीत. हातोडा नकोच.

भाव ठरवताना क्रोमपट्ट्या, ग्रिल, काचा, दारांची हँडलं मोजा. हीच मिळत नाहीत. दारांखालच्या पट्टीवर चुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे.

प्रश्न : अशाच गाडीला १२ व्होल्टची बॅटरी चालेल का?
– एक वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)

उत्तर : नको. ती ६ व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली) आहे. १२ व्होल्ट दिले तर बल्ब उडतील, कॉइल तापेल. स्टार्टर सुस्त फिरतो तो बहुतेक बारीक केबलमुळे. तेवढीच ताकद ६ व्होल्टवर द्यायची तर करंट दुप्पट लागतो. जाड तांब्याची केबल टाका, अर्थची जागा घासून चकचकीत करा. कापडी वेष्टणाची वायरिंग उंदरांनी कुरतडली असेल तर ती आधी बदला, बॅटरी नंतर जोडा.