कोच नेमताना खात्री कशाची करायची?

“फी भरायची तयारी आहे, पण माणूस चुकीचा निघाला तर?” कोच, म्हणजे कामात किंवा आयुष्यात हवा तो बदल घडवायला फी घेऊन मदत करणारा माणूस. तो लावायचा विचार करणारे लोक माझ्याकडे समुपदेशनासाठी आले, की फिरून फिरून याच प्रश्नावर येतात. नुकतंच प्रमोशन मिळालेले मॅनेजर, चाळिशीनंतर क्षेत्र बदलू पाहणारे, वडिलांचा धंदा हातात घेतलेली मुलंमुली, सगळ्यांची काळजी एकच. ती रास्तही आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. कोचला आपल्याकडे असा कुठलाही परवाना लागत नाही. दोन दिवसांचा कोर्स केलेला माणूसही पाटी लावू शकतो. म्हणजे पारख करायची ती घेणाऱ्यानेच, आणि ती कशी करायची हे त्याला कुणी सांगत नाही.

एका बाईंचं उदाहरण घेते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. तिथल्या क्वालिटी विभागाच्या त्या प्रमुख झाल्या होत्या. वय बेचाळीस. झोप, भूक, घरचं वातावरण ठीक होतं. हे मी आधीच विचारून घेते. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते कोचचं काम नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञाकडेच जायला हवं. टेलि-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

बाईंनी लॅपटॉप उघडला. एक्सेल शीटमध्ये अकरा कोचची नावं आणि चौदा रकाने: प्रमाणपत्रं, अनुभवाची वर्षं, फी, रेटिंग, लिंक्डइनवरचे फॉलोअर, सगळं रंग देऊन मांडलेलं. हे काम तीन महिने चालू होतं.

“यातला बरोबर कोण, एवढंच सांगा मॅडम.”

“कोच कशासाठी हवाय?”

“कॉन्फिडन्ससाठी.”

“तो कुठे कमी पडतो?”

“सगळीकडेच.”

“गेल्या आठवड्यातला एक प्रसंग सांगा.”

मग मंगळवारची रिव्ह्यू मीटिंग बाहेर आली. प्रॉडक्शनचे प्रमुख प्लँट हेडसमोर म्हणाले, “क्वालिटीने लॉट अडवला म्हणून डिस्पॅच चुकलं.” खरं तर उशीर प्रॉडक्शनकडे मशीनचं टूल बदलताना झाला होता. त्याची वेळ लिहिलेला कागद बाईंच्या हातात होता. तरी त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी घरी जाऊन लांबलचक मेल लिहिली आणि तीही ड्राफ्टमध्येच ठेवली.

“या चौदा रकान्यांत मंगळवारची मीटिंग कुठे आहे?”

ती कुठेच नव्हती. कोच शोधणाऱ्या बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. कोचची माहिती गोळा होत राहते, पण आपल्याला नेमकं काय बदलायचंय ते कुठेच लिहिलेलं नसतं. ‘कॉन्फिडन्स’, ‘लीडरशिप’, ‘क्लॅरिटी’ असे शब्द घेऊन गेलात तर प्रत्येक कोच म्हणणार, “हे तर मी करतोच.” म्हणून पहिला फोन करण्याआधी एक ओळ लिहायची: तीन महिन्यांनी काय वेगळं दिसेल, आणि ते माझ्याशिवाय आणखी कुणाला दिसेल? बाईंची ओळ दोन भेटींनंतर तयार झाली. “मंगळवारच्या मीटिंगमध्ये माझ्या विभागाचा आकडा पहिल्या पाच मिनिटांत मी स्वतः मांडेन, आणि त्यावर कुणी बोट ठेवलं तर गप्प न बसता निदान एक प्रश्न विचारेन.”

अशी ओळ हातात आली की मुळात कोच हवा की नको, हेही कळतं. ‘अमुक कंपनीत ओळख हवी’ अशी गरज असेल तर त्याच क्षेत्रातला जुनाजाणता माणूस गाठा. ‘पॉवर बीआय हे सॉफ्टवेअर शिकायचंय’ असेल तर क्लास लावा. कारखान्याचा खर्च कुठे गळतोय ते शोधायचं असेल तर सल्लागार बोलवा. करायचं काय ते साधारण कळलंय, पण हातून होत नाही, अशा वेळी कोचचा खरा उपयोग होतो.

आता प्रमाणपत्रांचं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, म्हणजे आयसीएफ, ही १९९५ पासूनची संस्था. तिच्या मानांकनाच्या तीन पायऱ्या आहेत. एसीसी या पहिल्या पायरीला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास कोचिंग केल्याचा अनुभव लागतो. पीसीसीला १२५ तास प्रशिक्षण आणि ५०० तास अनुभव, एमसीसीला २०० आणि २,५००. मानांकन दर तीन वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं आणि ते चालू आहे का, हे संस्थेच्या वेबसाइटवर नावानिशी बघता येतं. ते बघाच. ‘आयसीएफमान्य कोर्स पूर्ण केला’ आणि ‘आयसीएफचं मानांकन आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली सांगून दुसरी आहे असं भासवणारे बरेच आहेत. कोचला थेट विचारायचं, “तुमचं मानांकन कुठलं, कधीपर्यंतचं, आणि तुमचं काम तपासून घ्यायला तुम्ही स्वतः कुणाकडे जाता?” चांगल्या कोचला या प्रश्नाचा राग येत नाही.

बाईंनी मनातून एकाला पसंती दिलेली होती. शीटमधला सगळ्यात महागडा: सहा महिन्यांचे एक लाख वीस हजार, एकरकमी.

“त्यांचं काय आवडलं?”

“वीस मिनिटांत त्यांनी माझा प्रॉब्लेम ओळखला. म्हणाले, नव्वद दिवसांत बदल, गॅरंटी.”

इथे मी त्यांच्याच कामातलं विचारलं. “तुमच्याकडे नवा सप्लायर येतो, तेव्हा त्याचं आयएटीएफचं, म्हणजे वाहनउद्योगातल्या दर्जाचं, सर्टिफिकेट बघून वर्षाची ऑर्डर देता?”

त्या हसल्या. “छे हो. सर्टिफिकेट नसेल तर विचारच करत नाही, पण आहे म्हणून ऑर्डरही देत नाही. आधी सॅम्पल, मग पीपॅपची, म्हणजे भाग मंजूर करायची, कागदपत्रं, मग ट्रायल लॉट. तो लाइनवर नीट चालला की पुढचं.”

“एवढं करून रिजेक्शन शून्य?”

“शून्य कुठेच नसतं. पण गडबड असेल तर ती दोनशे नगांत कळते, वीस हजारांची वाट बघावी लागत नाही.”

“मग कोचकडून शून्याची गॅरंटी का हवीय?”

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मीही मध्ये बोलले नाही. मग हळूच म्हणाल्या, “कारण इथे रिजेक्ट झाले तर मी होणार. एवढा चांगला कोच लावूनही जमलं नाही, तर दोष कोचचा नाही, माझाच आहे असं ठरेल.”

तीन महिने कोचची शीट भरली जात होती, पण परीक्षा बाई स्वतःची घेत होत्या, आणि निकाल लागू नये म्हणून निवड लांबत होती. गॅरंटी देणारा माणूस त्यांना आवडला तो त्याच्या कौशल्यामुळे नव्हे. नापास होण्याची शक्यताच त्याने पुसून टाकली होती, म्हणून. कोचची जाहिरात नेमकी याच भीतीशी बोलते. ‘शंभर टक्के’, ‘नव्वद दिवसांत’, ‘पैसे परत’ हे शब्द वाचून दिलासा मिळतो आणि दिलासा मिळाला की विचारायचे प्रश्न मागे राहतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेल्या आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोचवलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे, तो अशा क्षणांमुळे. ‘मला जमावं’ ही इच्छा माणसाला कामाला लावते. ‘मला जमलंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ हा हट्ट त्याच माणसाला जागेवर खिळवून ठेवतो. पुढच्या दोन भेटी आम्ही या हट्टावरच घालवल्या. कोचिंग फसलं तर नेमकं काय सिद्ध होईल? एक उपाय चालला नाही, इतकंच. बाईंना हे पटलं, कारण ट्रायल लॉट नापास झाला म्हणून त्यांनी कधी कुणा सप्लायरला माणूस म्हणून नापास केलं नव्हतं. त्यानंतर त्यांचा प्रश्न बदलला. ‘चूक होणार नाही अशी निवड कशी करू’ हे सुटलं आणि ‘चूक झाली तर ती लवकर आणि स्वस्तात कशी कळेल’ हे सुरू झालं. माझ्या मते कोच नेमताना खात्री करायची ती याच गोष्टीची.

बाईंनी अकरातले आठ वगळले आणि तिघांना फोन केले. बरेच कोच पहिला अर्ध्या तासाचा फोन मोफत देतात. तिघांपुढे तीच ओळ ठेवली आणि तेच प्रश्न विचारले: यावर तुम्ही माझ्याबरोबर कसं काम कराल? दोन सत्रांच्या मधे मला काय करावं लागेल? काम होत नसेल तर ते कसं ओळखायचं? आणि कुठलं काम तुम्ही घेत नाही? शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. ‘मी सगळं घेतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहावं.

फोन संपल्यावर लगेच दोन गोष्टी टिपायच्या: कोण किती वेळ बोललं, आणि माझ्या ओळीवर किती बोलणं झालं. तिसरी दोन दिवसांनी टिपायची: त्या फोननंतर मी काय केलं? फोनवर कसं वाटलं, यावर मी फारसं जात नाही. छान वाटायला लावणं सोपं असतं.

महागडे कोच अर्ध्या तासातली पंचवीस मिनिटं स्वतः बोलले. दुसऱ्या कोच मंगळवारच्या मीटिंगसाठी वाक्यं लिहून द्यायला तयार होत्या. तिसऱ्यांकडे फक्त एसीसी होतं, फी सत्राला साडेचार हजार. त्यांनी विचारलं, “गप्प बसल्याने तुमचं काय टळतं?” बाईंना फोनवर उत्तर सुचलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी टूल बदलाच्या वेळांचा तक्ता मीटिंगच्या आधीच प्रॉडक्शनला पाठवला. तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी प्रत्यक्षात हललं होतं. निवड झाली.

मानसोपचारात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये मांडलं, की मदत लागू पडते ती तीन गोष्टी जुळल्यावर: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातला विश्वास. एग्झिक्युटिव्ह, म्हणजे कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या, कोचिंगवर संशोधक एरिक द हान यांनी केलेल्या अभ्यासांतही या जुळण्याचा निकालाशी संबंध दिसतो. लोक निवड करतात ती बहुतेक वेळा तिसऱ्या गोष्टीवरच, ‘ट्यूनिंग जमलं’ म्हणून. पहिल्या दोन कागदावर आल्या तरच टिकतात.

म्हणून कागद करायचा, साधा एक पानाचा ईमेलही चालतो. बाईंचं ठरलं ते असं: साठ मिनिटांची आठ सत्रं, दर पंधरा दिवसांनी, म्हणजे मधे दोन मंगळवार आजमावायला मिळतात. फी प्रत्येक सत्रानंतर. तिसऱ्या सत्राच्या शेवटी पंधरा मिनिटं आढावा, आणि तिथे कुणीही थांबवू शकेल. सत्र रद्द करायचं तर चोवीस तास आधी कळवायचं. रेकॉर्डिंग नाही. पहिल्याच सत्रावर मत बनवू नये, ते सगळ्यांचंच छान जातं. घसरण बहुधा तिसऱ्या-चौथ्याला दिसते.

कंपनी पैसे भरणार असेल तर आणखी एक गोष्ट आधी लिहून घ्यायची: एचआरला काय कळणार. हजेरी आणि ठरलेली उद्दिष्टं कळायला हरकत नाही. सत्रात बोललेलं कळता कामा नये. हे न ठरवता सुरुवात झाली की माणूस साहेबांबद्दल तोंड उघडत नाही आणि अर्धी सत्रं वाया जातात.

पैशांत फसगत कुठे होते तेही सांगते. नव्याण्णव रुपयांचा वेबिनार, शेवटी ‘ही किंमत आज रात्री बारापर्यंतच’, आणि हातात पैसे नसतील तर नो-कॉस्ट ईएमआय. तो ईएमआय म्हणजे कर्ज असतं, वित्तसंस्थेचं, तुमच्या नावावर. कोचने शिकवणं थांबवलं तरी हप्ते थांबत नाहीत. सही केली असेलच तर करारातली कूलिंग-ऑफची, म्हणजे दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडायची, मुदत त्याच दिवशी बघा. तेवढ्या मुदतीत पैसे परत करून कर्ज बंद करता येतं. रात्री बारापर्यंत ठरवायला लावणाऱ्याला नाही म्हणायचं, समोर कितीही मोठं नाव असो.

तिसऱ्या सत्राच्या आढाव्यात बाई म्हणाल्या, “तुम्ही हल्ली वाचायला फार देता. मला मंगळवारची तयारी हवी आहे.” कोचनी ते ऐकलं आणि पुढची सत्रं त्या तयारीवर घेतली. सहाव्या सत्रापर्यंत ती ओळ बऱ्यापैकी अंगवळणी पडली, आणि उरलेली दोन सत्रं त्यांनी घेतलीच नाहीत.

सगळ्यांचं असं जुळेल असं नाही. तिसऱ्या सत्रानंतर थांबायचं असेल तर भिडेपोटी चौथं घेऊ नका. एवढं लिहून पाठवलं तरी पुरतं: ‘आढाव्यात बोलल्याप्रमाणे ठरलेल्या उद्दिष्टाकडे माझी प्रगती दिसत नाही. म्हणून इथे थांबते आहे. झालेल्या तीन सत्रांची फी दिलेली आहे. आगाऊ रक्कम उरली असल्यास करारानुसार परत करावी.’ कारणांची यादी देऊ नका, वाद घालू नका. पैसे अडकले तर करार, पावत्या आणि हा निरोप एकत्र ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.