नोटिशीने मुदत थांबत नाही, ताई

भांडुपच्या ताई लिहितात: यजमानांची वरची दाढ ११ ऑगस्ट २०२३ ला काढली. तीन दिवसांत ताप भरला, डावा डोळा सुजून मिटला. १४ च्या रात्री दातांच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘नॉर्मल सूज, बर्फ लावा.’ १५ ला दवाखाना बंद, १६ ला आयसीयू. निदान, कॅव्हर्नस सायनस थ्रॉम्बोसिस, म्हणजे डोळ्यामागच्या शिरांच्या पोकळीत रक्ताची गुठळी. जीव वाचला, पण एकाचे दोन दिसतात आणि टॅक्सी दारात उभी आहे. ‘तीन नोटिसा दिल्या, उत्तर नाही. चौथी देऊ का?’

नको. अशी पत्रं मला नेहमी येतात. कधी दाढ असते, कधी मोतीबिंदू, पण नोटिशीच्या उत्तराची वाट पाहणं सगळ्यांचं सारखंच.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९ : तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. नोटिशीने ही मुदत एका दिवसानेही वाढत नाही. शेजाऱ्यांनी डिस्चार्जची तारीख धरायला सांगितली, तीही विसरा. नुकसान आत दडलेलं असेल तर ते कळल्यापासून मुदत मोजता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलंय. पण यजमानांचा डोळा तीन दिवसांत मिटला होता, त्यात दडलेलं काय? कारण दाढ काढली तेव्हा घडलं, फोटो पाहिला तेव्हा की एमआरआय आला तेव्हा, यावर वकील वर्षभर भांडतील. तुम्ही सर्वांत आधीची तारीख धरा. ११ ऑगस्ट २०२५ ला सोमवार, त्याआधी रविवार आणि दुसरा शनिवार. म्हणजे तुमच्या हातात शुक्रवार, ८ ऑगस्टपर्यंतचेच दिवस आहेत. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण ‘उत्तराची वाट पाहत होतो’ हे कारण ग्राहक आयोगापुढे टिकेल असं मला वाटत नाही.

तक्रार यजमानांच्या नावाने, उपनगर जिल्हा आयोगात, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या करा. डॉक्टरांना दिलेली फी पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. निकाल कायद्याने तीन ते पाच महिन्यांत लागायला हवा. प्रत्यक्षात किती वर्षं लागतील, विचारू नका.

समोरचे म्हणणार, हा आजार दुर्मिळ. खरंच आहे. वरच्या दाढेचा संसर्ग शिरांमधून डोळ्यामागच्या त्या पोकळीत पोचतो, रक्ताची गुठळी होते, आणि डोळा हलवणाऱ्या नसा तिथूनच जात असल्याने एकाचे दोन दिसतात. म्हणून ‘दाढ चुकीची काढली’ असं लिहू नका, सिद्ध करता करता दमाल. दाढ काढल्यावर ताप आणि मिटलेला डोळा दिसत असताना त्याच रात्री हॉस्पिटलला का पाठवलं नाही, एवढाच मुद्दा लावून धरा. बहुधा तज्ज्ञाचं मत लागेल. जिंकालच, असं मी म्हणणार नाही.

तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. अँटिबायोटिक यजमानांनी दोन दिवसांत बंद केलं, हे तुम्ही पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय. ते तक्रारीत ठळक लिहा. समोरच्या वकिलाने आधी काढलं तर फोटोचं वजनही जाईल.

हॉस्पिटलची फाईल तुम्ही अजून मागितलीच नाही, हे वाचून कपाळावर हात मारला. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार ती तीनच वर्षं जपायची असते आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असते. अर्ज आजच द्या, पोच घ्या. मात्र फाईल हातात येईपर्यंत तक्रार अडवून ठेवू नका, ते कागद नंतर जोडायची परवानगी मागता येते.