ग्राफिक्स कार्डवाला पीसी, ६५० वॅटची एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा आतला डबा), दोन मॉनिटर. ६०० व्हीएचा यूपीएस पुरेल का?

नाही पुरणार. दुकानदार "सगळे हाच नेतात" म्हणाला असेल तर ते खरंच आहे, पण सगळ्यांच्या पीसीत ग्राफिक्स कार्ड नसतं. ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसवर मोठ्या अक्षरात लिहितात तो आकडा) म्हणजे साधारण ३६० वॅट. वॅटचा आकडा मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात असतो, बघायचा तोच.

आमचं सिडकोत लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं काम आहे, मी आणि माझे काका. नवीन मशीन आलं तेव्हा मी म्हटलं १००० च्या खाली नको, काका म्हणाले जुना ६०० चा आहे की, आणि दुकानातल्या पोराला बोलावून टेस्टच करून दाखवली. टेस्ट काय, तर स्क्रीनवर नुसता वॉलपेपर आणि पोरानं बोर्डाचं बटण बंद केलं. चालला! चालणारच ना, तेव्हा मशीन कितीसं ओढतंय? रेंडर (एडिट केलेल्याचा पक्का व्हिडिओ बनवणं, मशीनचं सगळ्यात जड काम) लावून बंद करा म्हटलं तर काका म्हणे उगाच मशीनला त्रास नको. मग मे महिन्यात, ऐन सीझनला वळवाचा पाऊस आला, लाईट गेली, रेंडर चालू होतं, यूपीएसनं एक लांब शिट्टी मारली आणि दोन्ही मॉनिटर काळे. पार्टी संध्याकाळी पेनड्राइव्ह न्यायला येणार होती. काकांचं म्हणणं, बॅटरी बसली. बदलली, तरी तेच. शेवटी मी वॅट मीटर लावून दाखवला, रेंडरला मॉनिटर धरून ३८० च्या आसपास. नव्या बॅटरीनं मिनिटं वाढतात, ३६० चा यूपीएस ३८० उचलायला लागत नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

तुमचं म्हणाल तर एसएमपीएसवरचे ६५० म्हणजे ती जास्तीत जास्त किती देऊ शकते ते, पीसी तेवढं ओढतोच असं नाही. फुल लोडला मोजा, वर पाव भाग सोडा. माझ्या मते १००० व्हीए, कार्ड दणकट असेल तर १५००. आणि त्यावर तासभर काम करायचं डोक्यातून काढा. १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवरची) एक बॅटरी म्हणजे ८४ वॅट-अवर, ३०० वॅटला कागदावर सोळा-सतरा मिनिटं, हातात पाच-सहा. सेव्ह करा, बंद करा, बस.

हां, एसएमपीएस ॲक्टिव्ह पीएफसीवाली (वीज नीट ओढायचं जास्तीचं सर्किट असलेली) असेल तर काही स्वस्त यूपीएसवर लाईट जाताच पीसी रिस्टार्ट होतो, वॅट पुरेसे असले तरी, तिथे प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या लाईटसारखी गुळगुळीत लहर देणाराच, घ्या. लेझर प्रिंटर यूपीएसवर अजिबात नको. उन्हाळ्यात बंद खोलीत ठेवलात तर बॅटरी दोन-तीन वर्षांच्या वर धरू नका.

घेताना दुकानात टेस्ट दाखवतीलच. काम सेव्ह करा, गेम नाहीतर रेंडर लावा आणि मग बटण बंद करायला सांगा. "मशीनला त्रास होतो" म्हणाले तर ऐकू नका, लाईट काय विचारून जाते का? आमचे काका अजून बॅटरीलाच दोष देतात.